सह्याद्रीतील डोंगरी वने

सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणात उतरणाऱ्या कड्याकपारींत टिकून असलेली सदाहरित व निमसदाहरित वने. भीमाशंकर, महाबळेश्वर, कोयना, चांदोली, राधानगरी आणि आंबोली ही त्यांची महाराष्ट्रातील मुख्य ठिकाणे. महाबळेश्वराच्या माथ्यावर अंजनी, जांभूळ, पिसा यांचे दाट पण ठेंगणे रान आढळते.

येथे पाऊस मुसळधार, पण जेमतेम चार महिन्यांचा. पुढे लांबलचक कोरडा काळ. सदाहरित झाडांच्या कोवळ्या रोपांना सावली आणि ओल लागते. रान तुटले की दोन्ही जातात, उतारावरची माती पावसात धुपते आणि मोकळ्या जागेत रानमोडी, घाणेरी ही उपरी तणे माजतात. म्हणून नव्या लागवडीपेक्षा उभे रान राखणे हेच येथे खरे संवर्धन होय.

राखायचे कोणी, हा मात्र अवघड प्रश्न आहे. काही रान वनखात्याचे, काही देवाचे, तर तळकोकणात बरेचसे मालकीचे. मालकी रान ठेकेदाराला विकले जाते आणि तेथे काजू किंवा रबर उभा राहतो. भातशेतीसाठी कवळतोडही चालते : ऐन, किंजळाच्या फांद्या छाटून त्या शेणाबरोबर भातरोपांच्या वाफ्यावर पसरतात आणि पावसाआधी भाजतात. यालाच राब म्हणतात. दरवर्षी छाटलेला ऐन नुसत्या खांबासारखा दिसतो. पण त्या शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवून रान वाचत नाही. भाताचे रोप त्याला याच डोंगरावर करायचे असते. उन्हाळ्यातल्या वणव्यांचेही तेच. जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत काढून ठेवलेले मोकळे पट्टे, वनखाते काढते, पण आग लागल्यावर आधी पोचतो तो गावकरीच.

कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळे जागतिक वारसा ठरली. त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली व राधानगरी आहेत. पश्चिम घाटाच्या संवर्धनासाठी केंद्राने नेमलेल्या, परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ च्या अहवालात निर्णयप्रक्रियेत ग्रामसभांना स्थान द्यावे असे सुचवले. पुढे कस्तुरीरंगन समितीने संवेदनशील क्षेत्र, म्हणजे खाणी, मोठी बांधकामे यांवर बंधने घालायचा भाग, बरेच आटोपशीर केले आणि २०१४ पासून अधिसूचनेचे मसुदेच पुन्हा पुन्हा निघत राहिले.

लोकांनी स्वतः राखलेले रान पाहायचे तर देवराईत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात जावे. तेथून वाळकी काटकीही न उचलण्याचा दंडक अनेक गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला. गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात या राया अभ्यासल्या. आता जुन्या कौलारू देवळाच्या जागी सिमेंटचे मोठे देऊळ बांधायचे ठरते आणि त्याच्या खर्चासाठी, अंगणासाठी, देवाचीच झाडे तोडली जातात.