मागच्या सीटजवळची ती जाळी

मे महिन्यातली गोष्ट. गाडी दोन तास उन्हात तापलेली, त्यात बसून आम्ही घाट उतरत होतो. मागे बसलेल्या आईनं विचारलं, "हा कसला आवाज रे? एसी तर पुढे आहे ना?" आवाज तिच्या पायामागून, सीटखालून येत होता. हेअर ड्रायर शेजारच्या खोलीत चालू असावा तसा. आमची गाडी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्हींवर चालणारी. तो तिच्या मोटरला वीज देणाऱ्या बॅटरीचा पंखा होता. माणसं बसतात तिथं हा पंखा का आला आणि तो मधूनच का घोंगावतो, हे कळायचं तर जपानमध्ये नव्वदच्या दशकात जावं लागतं.

डिसेंबर १९९७ मध्ये टोयोटानं जपानमध्ये प्रियस ही हायब्रिड गाडी विक्रीला आणली. ताकेशी उचियामादा हे तिचे मुख्य अभियंता. त्यांना सर्वांत जास्त छळलं ते बॅटरीनं. गाडीच्या घडणीच्या काळात ती तापली की काम थांबवायची, गारठली की थांबवायची. बॅटरी बनवण्यासाठी टोयोटा आणि मात्सुशिता (आजची पॅनासॉनिक) यांनी १९९६ मध्ये वेगळी कंपनीच काढली होती. पहिल्या प्रियसमध्ये निकेल-मेटल हायड्राइड जातीचे २४० सेल होते, जुन्या टॉर्चमध्ये घालायचो त्या जाड सेलच्या मापाचे. सहा-सहा सेल एका ओळीत जोडून ४० कांड्या केलेल्या, एकूण २८८ व्होल्ट.

या जातीचा स्वभाव समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. प्रवाह वाहिला की आतल्या रोधामुळे उष्णता होते, आणि प्रवाह दुप्पट झाला तर ती चौपट होते. त्यात निकेलची बॅटरी चार्ज होतानाही तापते. भरत आली की आत ऑक्सिजन तयार होतो, तो पुन्हा जिरताना आणखी उष्णता बाहेर पडते. सेल जितका गरम, तितका चार्ज कमी नीट घेतो आणि उरलेली वीज उष्णतेतच जाते. म्हणून गाडीचा संगणक ही बॅटरी पूर्ण भरूही देत नाही आणि रिकामीही होऊ देत नाही, साधारण ४० ते ८० टक्क्यांत खेळवतो. घाट उतरताना ब्रेक लावला की मोटर उलट वीज तयार करते आणि ती बॅटरीत शिरत असते, त्यामुळे ज्या वेळी इंजिन शांत असतं नेमकी त्याच वेळी बॅटरी तापते. आईला आवाज उतारावरच ऐकू आला, तो त्यामुळे.

मग गार करायचं कसं? बाहेरची हवा घ्यावी तर रस्त्यावरची धूळ, पाणी आणि डांबराची धग सोबत येते. पाणी फिरवावं तर पंप, नळ्या, रेडिएटर आणि वजन वाढतं, तेही जेमतेम पावणेदोन किलोवॅट-तासाच्या बॅटरीसाठी. टोयोटाच्या अभियंत्यांनी सोपी वाट धरली. माणसाला जे तापमान मानवतं तेच या बॅटरीलाही मानवतं, आणि माणसांसाठी हवा आधीच गार केलेली असते. तीच बॅटरीला द्यायची. माझ्या मते या गाडीतल्या सर्वांत शहाण्या निर्णयांपैकी हा एक. पण त्याची किंमत म्हणजे पंख्याचं तोंड बसणाऱ्यांच्या खोलीत उघडलं.

२००० मध्ये प्रियस जपानबाहेर गेली तेव्हा गोल कांड्या जाऊन चपटे मॉड्यूल, म्हणजे सहा-सहा सेलच्या बंद पेट्या, आले. २००३ च्या दुसऱ्या पिढीत ते २८ उरले, २०१.६ व्होल्टचे. असा एक मॉड्यूल हातात घेतला की रचना लगेच कळते. लांबीला वीतभरापेक्षा थोडा जास्त, जाडीला जेमतेम दोन सेंटिमीटर, वजनाला किलोभर. त्याच्या प्लास्टिकच्या अंगावर बारीक उंचवटे असतात. मॉड्यूल एकमेकांना घट्ट बांधले की या उंचवट्यांमुळे मध्ये एक-दोन मिलिमीटरच्या फटी राहतात. हवा जाते ती एवढ्याच फटींतून. कडेचे मॉड्यूल त्यातल्या त्यात गार राहतात, मधल्यांना दोन्हीकडून शेजाऱ्यांची ऊब लागते. म्हणून जुनी बॅटरी उघडली की बहुतेक वेळा मधलाच एखादा आधी दमलेला सापडतो. सगळे एकाच साखळीत असल्यानं एक दमला की अख्खी बॅटरी अडते.

आवाजाचा विचारही तेव्हापासूनचा आहे. दुसऱ्या पिढीत मागच्या सीटच्या कडेला जाळी दिसते, तिच्यामागे नळी आणि पिंजऱ्यासारख्या चाकाचा ब्लोअर. त्याला सहा वेग दिलेले. बॅटरीतले सेन्सर तापमान सांगतात आणि संगणक वेग ठरवतो. या पंख्याच्या नियंत्रणामागचं तत्त्व असं, की गाडी वेगात असताना टायर-वाऱ्याच्या आवाजात पंखा लपतो, तेव्हा तो खुशाल वाढवावा. सिग्नलला उभी असताना शक्य तेवढा हळू ठेवावा. उभ्या गाडीत पंखा मोठ्यानं ऐकू आला, तर याचा अर्थ संगणकाकडे दुसरा इलाजच उरलेला नाही.

इतरांनी वेगळ्या वाटा चोखाळल्या. फोर्डनं २००४ मध्ये एस्केप हायब्रिड आणली, तिच्या बॅटरीसाठी मागे वेगळा एसी होता. शेवरोलेच्या २०१० च्या व्होल्टमध्ये बॅटरी मोठी, १६ किलोवॅट-तासांची, म्हणून तिथं सेलच्या मधून शीतक द्रवच फिरवला. साध्या हायब्रिडमध्ये मात्र केबिनच्या हवेचीच रीत टिकली.

२०१५ च्या अखेरीस चौथ्या पिढीत बॅटरी डिकीतून निघून मागच्या सीटखाली गेली. डिकी मोठी झाली, वजन खाली आलं. पण हवेचं तोंड जमिनीजवळ आलं, जिथं चपलांची माती, केस, बिस्किटांचा चुरा असतो. म्हणून त्या जाळीला काढून साफ करता येईल असं फिल्टर दिलं गेलं. आपल्याकडे २०२२ मध्ये आलेल्या हायब्रिडमध्येही दोन्ही जाती आहेत: हायरायडर आणि ग्रँड विटारा यांत लिथियम-आयन, इनोव्हा हायक्रॉसमध्ये अजून निकेल. लिथियम चार्ज होताना कमी तापतं, तरी हवा त्यालाही लागतेच.

आपल्याकडचा उन्हाळा आणि धूळ पाहता ही जाळी इंजिन ऑइलइतकीच महत्त्वाची मानायला हवी, असं मी मनापासून सांगतो. धूळ आधी जाळीवर बसते, मग ब्लोअरच्या वाकड्या पात्यांवर. पाती भरली की हवा कमी ओढली जाते, संगणक वेग वाढवतो, चाकाचा तोल गेलेला असतो, आणि घोंगावणं सुरू होतं. आवाज नको म्हणून जाळीवर कापड टाकणारे लोक मी पाहिले आहेत. त्यानं पंखा गप्प होत नाही, उलट आणखी जोरात फिरतो आणि बॅटरीचं आयुष्य घटतं. खरा उपाय उलटा आहे. उन्हात तापलेल्या गाडीत बसताना आधी काचा उघडून गरम हवा जाऊ द्यावी, मग एसी लावावा, मागे कुणी नसलं तरी. जाळीसमोर सामान ठेवू नये. फिल्टर गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे काढून झटकावं. त्याच्या आत मात्र स्वतः हात घालू नये. केशरी वायरींमध्ये दोनशे व्होल्ट असतात, ते काम प्रशिक्षित माणसाचंच.

त्या दिवशी घाटाखाली थांबून मी सीटखाली वाकून पाहिलं. जाळी राखाडी झाली होती, बोटाच्या पेरावर लोकरीसारखा गोळा आला. आणि तिच्यासमोर आईची शाल-डब्यांची पिशवी उभी होती. ती पिशवी आता डिकीत जाते.