प्लेन कापडाची अट : छोट्या आधुनिक क्विल्टच्या चॅलेंजची पार्श्वभूमी

एक विषय, ठरलेलं माप, ठरलेली मुदत आणि बऱ्याचदा ठरवून दिलेलं कापड. छोट्या आधुनिक क्विल्टच्या, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून आणि थर एकत्र शिवून केलेल्या गोधडीच्या, चॅलेंजचा हा साचा आता इतका रुळला आहे की तो आला कुठून, हे सहसा कोणी विचारत नाही. आधी आधुनिक शैली घडली आणि मग त्या शैलीत चॅलेंज सुरू झाली, असं सर्रास मानलं जातं. क्रम बराचसा उलटा असावा असं मला वाटतं. मोकळी सोडलेली जागा, प्लेन, म्हणजे नक्षी नसलेल्या एकरंगी कापडाचे मोठे पट्टे, सरळ रेघांची शिलाई या ज्या खुणांवरून आपण आधुनिक क्विल्ट ओळखतो, त्या पक्क्या करण्यात चॅलेंजच्या अटींचा मोठा वाटा आहे.

विषय देऊन क्विल्ट मागवण्याची प्रथा तशी जुनी. १९३३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं, तेव्हा तिथल्या एका बड्या मेलऑर्डर कंपनीने अमेरिकाभरातून क्विल्ट मागवले. महामंदीचे दिवस, आणि पहिलं बक्षीस १,००० डॉलर. प्रदर्शनाचा ‘प्रगतीचं शतक’ हा विषय नव्या डिझाइनमधून मांडणारा क्विल्ट पहिला आला, तर वर आणखी २०० डॉलर. सुमारे २५,००० क्विल्ट आले. कित्येकींनी उंच इमारती, आगगाड्या, विमानं कापडावर उतरवली होती. पहिलं बक्षीस मात्र गेलं जुन्या चांदणीच्या नमुन्याला, त्याच्या अप्रतिम शिलाईमुळे. विषयाला धरून काम केलेल्या बायका नाराज झाल्या, आणि त्यांची बाजू मला रास्त वाटते. पुढे असंही उघड झालं की बक्षीस घेणाऱ्या बाईंनी त्या क्विल्टला स्वतः टाका घातलेला नव्हता. केंटकीतल्या काही बायकांनी तो मजुरीवर शिवून दिला होता. काम हातचं जाईल या भीतीने त्या गप्प राहिल्या.

त्यानंतरचे टप्पे परिचयाचे आहेत. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कलासंग्रहालयाने जुने क्विल्ट चित्रांसारखे भिंतीवर टांगले. १९७९ मध्ये जपानी रोटरी कटर, म्हणजे फिरत्या गोल पात्याची सुरी, आला आणि कात्रीने तासन्‌तास चालणारं काम मिनिटांवर आलं. २००२ मध्ये अलाबामातल्या जीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय स्त्रियांचे क्विल्ट ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत लागले. जुन्या जीन्स आणि कामाचे कपडे फाडून जोडलेले त्यांचे वाकडेतिकडे चौकोन पाहून, पट्टी लावून कापणाऱ्या अनेकांचे हात मोकळे झाले.

खरी गडबड सुरू झाली ती फोटो शेअर करण्याच्या साइटवर. आधुनिक क्विल्टवाल्यांचा पहिला औपचारिक गट लॉस एंजेलिसमध्ये २००९ साली उभा राहिला, पण त्याच्याही आधीपासून या साइटवर बाहुलीच्या क्विल्टची अदलाबदल चालू होती. तुम्हाला एक गुप्त जोडीदार मिळायची. तिने स्वतःच्या आवडत्या क्विल्टच्या फोटोंचं एक मोझेक लावलेलं असायचं. ते पाहून तिची आवड ओळखायची आणि भिंतीवर टांगण्याएवढा क्विल्ट करून पोस्टाने धाडायचा. माप लहान ठेवण्याची कारणं अगदी व्यवहारी होती. परदेशी टपालखर्च परवडला पाहिजे, नोकरी आणि मुलंबाळं सांभाळून चार संध्याकाळींत काम उरकलं पाहिजे, आणि घरच्या शिलाई मशीनच्या हाताखालून सगळा क्विल्ट गुंडाळून सरकला पाहिजे. डबलबेडचा क्विल्ट घरगुती मशीनवर शिवणं म्हणजे खांद्यांची कसोटी असते. लहान क्विल्टला वॉकिंग फूट (सगळे थर एकत्र पुढे सरकवणारा मशीनचा दाब) लावून अर्ध्या-अर्ध्या इंचावर सरळ रेघा मारत जाता येतं, आणि फसलाच तर फार कापड वाया जात नाही. धाडस करायला त्यामुळेच जागा मिळाली.

कापड कंपन्यांचं लक्ष इकडे वळायला वेळ लागला नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला आधुनिक क्विल्टचं पहिलं मोठं संमेलन भरलं. त्याच्या आगेमागेच्या वर्षांत गट आणि कंपन्या मिळून चॅलेंज जाहीर करू लागले. नाव नोंदवलेल्या सभासदांना कंपनी नव्या मालिकेतल्या प्रिंटचे, म्हणजे नक्षी छापलेल्या कापडाचे, तुकडे पोस्टाने पाठवायची. अटीचे शब्द दर वेळी थोडे बदलत, गाभा मात्र एकच असायचा: प्रिंट वापरायचे तर याच कंपनीचे, सोबत हवं तितकं प्लेन कापड चालेल.

या अटीवरून जितका वाद झाला तितका दुसऱ्या कशावरूनच नाही. विरोधकांचं म्हणणं सरळ होतं. ही सर्जनशीलतेची परीक्षा नसून नव्या मालाची जाहिरात आहे. शेकडो सभासद एकच प्रिंट घेऊन महिनाभर फोटो टाकणार आणि कंपनीला फुकट प्रसिद्धी मिळणार. उरल्यासुरल्या तुकड्यांतून सोनं करणं हा क्विल्टचा मूळ धर्म, आणि इथे घरातल्या चिंध्यांच्या पेटीलाच मज्जाव. अमेरिकेबाहेर राहणाऱ्यांना तर ते कापड मिळणंच मुश्कील, मिळालं तरी महाग. बाजू घेणारे म्हणत की सगळ्यांच्या हाती तेच कापड असलं की डोकं कोणाचं कसं चालतं ते स्वच्छ दिसतं. शिवाय न आवडणारं प्रिंट पदरात पडलं की हात आपोआप नवी वाट शोधतो.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे, पण या वादात साधं गणित मागे पडलं. पाठवले जाणारे तुकडे बहुधा ९ बाय २२ इंचांचे. असे सहा तुकडे धरले तर एकूण कापड होतं १,१८८ चौरस इंच. ३६ इंची चौकोनाच्या नुसत्या टॉपला, म्हणजे वरच्या थराला, १,२९६ चौरस इंच लागतात, आणि प्रत्येक जोडात दोन्ही कडांचा पाव-पाव इंच जातो तो वेगळाच. बॅकिंग (मागचं कापड) आणि बाइंडिंग (कडेची पट्टी) तर यात धरलेलंच नाही. म्हणजे आलेल्या प्रिंटमध्ये छोटा क्विल्टसुद्धा पुरा होत नव्हता. उरलेली जागा प्लेनने भरण्यावाचून इलाज नव्हता, आणि ती भरताना अनेकांना कळलं की पांढऱ्या किंवा राखाडी मैदानात एका कोपऱ्यात ठेवलेलं मूठभर प्रिंट सगळ्या क्विल्टभर पसरलेल्या प्रिंटपेक्षा जास्त बोलतं. मोकळ्या जागेची आवड आधीपासून होती, हे कबूल. ती घरोघरी पोचली ती मात्र या टंचाईमुळे, असं मी ठामपणे म्हणेन. कंपनीला प्रिंट खपवायचे होते, आणि करणाऱ्या बायकांनी त्यातून प्लेन कापडाचं राज्य आणलं.

गेल्या काही वर्षांत विषयाऐवजी तंत्र देणारी चॅलेंज वाढली आहेत, आणि त्यात कवंदीचं नाव सतत येतं. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ, येल्लापूर, मुंडगोड भागांत राहणाऱ्या सिद्दी स्त्रियांची ही गोधडी. पोर्तुगीज काळात गोव्यात आणलेल्या आफ्रिकी लोकांशी त्यांचं मूळ जोडलं जातं. खाली जुन्या साडीचा थर, वर जुन्या कपड्यांचे तुकडे. कोपऱ्यापासून सुरुवात करून तुकड्याची कड बोटाने आत मुडपायची, धावदोरा घालत पुढे सरकायचं, की दुसरा तुकडा. कडेकडेने फिरत मध्यापर्यंत यायचं. तुकडे जोडणं आणि क्विल्टिंग, म्हणजे थर एकत्र शिवणं, एकाच टाक्यात होतं. चारही कोपऱ्यांना घडीघडीचा त्रिकोण लावतात, त्याला फूल म्हणतात. त्याशिवाय कवंदी उघडी वाटते. आपल्याकडे वाकळीला चौकोनात चौकोन धावदोरा घालताना पाहिलेल्यांना ही चाल लगेच ओळखू येईल.

छोट्या चॅलेंजला कवंदी फार सोयीची पडते. तळाचं कापड कापलं की माप ठरलं, कडा आधीच मुडपल्यामुळे बाइंडिंगची कटकट नाही, आणि मशीनही लागत नाही. पण ती आजवरच्या सवयी मोडते. इथे मोकळं मैदान उरतच नाही. आधी कागदावर डिझाइन काढून मग कापड कापायचं, हा चॅलेंजमधला नेहमीचा क्रमही चालत नाही, कारण पुढचा तुकडा कोणता हे मागचा शिवून झाल्यावरच ठरतं. सिद्दी स्त्रिया आपल्या कवंद्या विकूनही चार पैसे मिळवतात. म्हणून या तंत्रावर चॅलेंज ठेवणाऱ्यांनी नियमांच्या पानावर त्यांचा उल्लेख करावा आणि त्यांच्या कवंद्या कुठे विकत मिळतात तेही लिहावं, असा आग्रह काहीजणी धरू लागल्या आहेत. नियमांची पानं त्यासाठी आत्ताच बदलायला हवीत.