पापण्यांच्या शस्त्रक्रिया

पापणीवर गाठ आली, पापणी खाली ढळली, आत किंवा बाहेर वळली किंवा फाटली, तर तिचे रूप आणि काम पूर्ववत करण्यासाठी केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रिया. मराठीत ‘पापणी’ हा शब्द डोळ्यावरच्या पडद्यालाही आहे आणि त्याच्या कडेच्या केसांनाही. म्हणून ‘पापणी टोचते’ म्हणणाऱ्या रुग्णाला नेमके काय टोचते, हे विचारून घ्यावे लागते. या नोंदीत पापणी म्हणजे पडदा.

पापणीची त्वचा शरीरातील सर्वांत पातळ त्वचा होय. तिच्याखाली डोळा मिटणारा स्नायू, त्यामागे आकार धरून ठेवणारी ताठ पट्टी आणि सर्वांत आत नाजूक अस्तर असते. या पट्टीत तेलग्रंथी असतात. वरच्या पापणीत साधारण 25 ते 40, खालच्या पापणीत 20 ते 30. दर उघडझापीला अश्रू डोळ्यावर पसरतात आणि ग्रंथींतले तेल ते लवकर सुकू देत नाही. ही व्यवस्था बिघडली की डोळ्याचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, कोरडे पडते, त्यावर जखम होते आणि दृष्टी जाऊ शकते. या शस्त्रक्रियांना ‘दिसण्यासाठी केलेला खर्च’ समजून पुढे ढकलणे म्हणूनच घातक ठरते.

सर्वांत नेहमीचा विकार गाठीचा. रांजणवाडी दुखरी, लाल असते आणि बहुधा आपोआप फुटून बसते. तिच्यावर लवंग उगाळून लावण्याची रीत नाशिककडच्या घरांतही आहे. पण लवंगेचा रस डोळ्यात गेला तर भाजल्यासारखी आग होते. त्यापेक्षा कोमट पाण्यात पिळलेल्या स्वच्छ कापडाचा शेक दिवसातून तीन-चार वेळा द्यावा. तेलग्रंथीचे तोंड बुजून आलेली न दुखणारी गाठ, कॅलेझिऑन, महिना उलटूनही राहिली तर काढतात. भूल देऊन पापणी चिमट्यात धरून उलटवतात, आतल्या बाजूने उभा छेद घेऊन गाठ खरवडतात. टाके लागत नाहीत, बाहेरून व्रण दिसत नाही. उतारवयात त्याच जागी गाठ पुन्हा पुन्हा येत असेल, तिथले केस गळत असतील, तर काढलेला तुकडा तपासणीला पाठवलाच पाहिजे. तेलग्रंथीचा कर्करोग कॅलेझिऑनचे सोंग घेतो, आणि भारतात पापणीच्या कर्करोगांमध्ये त्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच जास्त आहे.

पापणीचे केस आत वळून डोळ्याला घासणे हा फार जुना आजार. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पापण्यांचे 21 रोग सांगितले आहेत. त्यांतील पक्ष्मकोपावर, म्हणजे याच आजारावर, दिलेला उपाय आजही वाचण्यासारखा आहे: भुवईखाली दोन भाग आणि केसांलगत एक भाग सोडून पापणीच्या त्वचेचा जवाच्या आकाराचा तुकडा कापावा, केसाने शिवावे आणि टाक्याची टोके कपाळावरच्या पट्टीला बांधावीत. त्वचा कमी करून कडा बाहेर ओढायची, हे तत्त्व आजच्या काही शस्त्रक्रियांतही तेच आहे. या आजाराचे मोठे कारण होते खुपऱ्या, म्हणजे पापणीच्या आतल्या अस्तराचा संसर्ग (ट्रॅकोमा). जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2024 मध्ये भारतातून सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून खुपऱ्यांचे निर्मूलन झाल्याचे मान्य केले. तरी पूर्वी खुपऱ्या होऊन गेलेल्या वृद्धांच्या पापण्यांवरचे वण उरतात. घरी चिमट्याने केस उपटले की चार-सहा आठवड्यांत नवे, आखूड आणि जास्त टोचणारे केस येतात. पापणीची कडाच फिरवून घेणे हा टिकाऊ उपाय.

वरची पापणी ढळणे, टोसिस, मुलांत असेल तर वेळ सर्वांत मोलाची असते. ढळलेली पापणी बाहुली झाकते, मेंदू त्या डोळ्याची प्रतिमा घेणे सोडतो आणि डोळा आळशी होतो. साधारण सात-आठ वर्षांनंतर ही दृष्टी परत आणणे कठीण जाते. घरचे मात्र ‘मामावर गेलाय’ म्हणून थांबतात. मूल हनुवटी वर करून, कपाळाला आठ्या घालून बघत असेल तर वाट पाहू नये. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि शाळांत मुले तपासतात. पेठसारख्या तालुक्यातून सावळघाट ओलांडून नाशिकला येणाऱ्या पालकांसाठी गावातली ही तपासणी फार महत्त्वाची आहे. पापणी उचलणारा स्नायू बऱ्यापैकी चालत असेल तर तो आखूड करतात. जेमतेम 4 मिलिमीटर किंवा त्याहून कमी हलत असेल तर सिलिकॉनच्या दोरीने किंवा मांडीतील स्नायूवरच्या आवरणाच्या पट्टीने पापणी कपाळाच्या स्नायूला टांगतात. त्यानंतर झोपेत डोळा थोडा उघडा राहतो, म्हणून रात्री मलम घालावेच लागते. मोठ्यांत पापणी अचानक ढळली, डोकेदुखी आणि दोन-दोन दिसू लागले, तर ती मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या फुग्याची खूण असू शकते. तिथे आधी पापणीचे ऑपरेशन नव्हे, तातडीचे स्कॅन लागते.

खालची पापणी वयाने सैल होऊन बाहेर वळते. तिचा बाहेरचा कोपरा ताणून हाडाच्या आवरणाला शिवतात. तोंड वाकडे झाल्यावर किंवा कुष्ठरोगात डोळा मिटत नसेल तर पापण्यांच्या कडा काही अंतर एकत्र शिवतात किंवा वरच्या पापणीत सोन्याचे लहान वजन बसवतात. वयाने लोंबलेली जादा त्वचाही काढता येते. अशा शस्त्रक्रियेनंतर डोळा एकाएकी खूप दुखू लागला, फुगला, दिसेनासा झाला, तर तासाभराचाही उशीर करू नये. आत साचलेले रक्त दृष्टीच्या नसेवर दाब आणत असते.

द्राक्षबागांच्या नाशिक जिल्ह्यात पापणी फाटण्याचा धोका वेगळ्या वाटेनेही येतो: मांडवाची ताणलेली तार सुटणे, छाटणीत काडीचे टोक उडणे. जखम नाकाजवळच्या कोपऱ्यात असेल तर अश्रूनलिका तुटलेली असू शकते. ती सिलिकॉनची बारीक नळी घालून जोडावी लागते. नाहीतर डोळा कायम पाझरत राहतो. हे काम शक्यतो एक-दोन दिवसांत व्हावे. पापणीला रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे लोंबकळणारा तुकडाही जगतो. तो कापून टाकू नये. हळद, चुना काही न भरता ओले स्वच्छ कापड न दाबता ठेवून जखमीला नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. टाके साधारण पाच ते सात दिवसांनी निघतात. छाटणीच्या दिवसांत साधा संरक्षक चष्मा लावला तर यातल्या बऱ्याच जखमा होतच नाहीत.