एअर स्क्रू आणि मिक्श्चर स्क्रू: दिशा एकच, परिणाम उलटा

जुन्या मोटारसायकलीचा कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, सोडवून, धुऊन परत बसवताना सर्वांत जास्त फसवणारा भाग म्हणजे पितळेचा, टोकाशी निमुळता होत गेलेला एक बोटभरही नसलेला स्क्रू. आमच्या साताऱ्यात त्याला सरसकट ‘एअर स्क्रू’ म्हणतात आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. कारण काही कार्बोरेटरांत तो खरोखर हवेचा असतो, तर काहींत मिश्रणाचा, आणि दोघांना एकाच दिशेने फिरवले तर इंजिनावर नेमका उलटा परिणाम होतो.

ओळख जागेवरून पटते. यामाहा आरएक्स 100 च्या मिकुनी कार्बोरेटरसारखा स्क्रू स्लाइडच्या (हवेची वाट कमी-जास्त उघडणाऱ्या सरकत्या भागाच्या) अलीकडे, म्हणजे एअर फिल्टरच्या बाजूला असेल, तर तो एअर स्क्रू. स्लाइडच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला, बहुधा खालच्या अंगाला खोल भोकात दडलेला असेल, तर तो मिक्श्चर स्क्रू; सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी) जातीच्या कार्बोरेटरांत साधारणपणे हाच आढळतो.

एअर स्क्रू पायलट जेटकडे, म्हणजे इंजिन मंद चालताना पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राकडे, जाणाऱ्या हवेची वाट अडवतो. तो आत पिळला की हवा कमी होते, पेट्रोलचे प्रमाण वाढते आणि मिश्रण रिच होते. मिक्श्चर स्क्रूपाशी पोहोचेपर्यंत मात्र पेट्रोल आणि थोडी हवा आधीच एकत्र आलेली असते. तो आत पिळला की हे पेट्रोलयुक्त मिश्रणच कमी सुटते, स्लाइडखालून येणारी हवा होती तेवढीच राहते, आणि मिश्रण लीन, म्हणजे कमी पेट्रोलचे, होते. दोघांचाही अंमल स्लोवर (थ्रॉटल सोडलेला असताना इंजिन मंद चालते तेव्हा) आणि साधारण पाव थ्रॉटलपर्यंतच चालतो.

माझा हात आरएक्सवर बसलेला. मामांच्या जुन्या फोर-स्ट्रोक गाडीचा कार्बोरेटर मी धुऊन बसवला तेव्हा ती स्लोवर काळपट धूर सोडू लागली, म्हणून हवा वाढवायची या समजुतीने मी स्क्रू अर्धा आटा (फेरा) बाहेर घेतला. तो मिक्श्चर स्क्रू होता, त्यामुळे पेट्रोल उलट वाढले. यवतेश्वर घाटाच्या वळणांवर थ्रॉटल कमी केला की गाडी गुदमरत होती आणि वर जाऊन स्पार्क प्लग काढला, तर त्यावर काजळीचा मखमली थर होता. सुमारे 1,200 मीटर उंचीवरच्या कास पठाराकडे जाताना हवा विरळ होऊन मिश्रण आपोआपच थोडे रिच होते, त्यात माझी चूक मिसळली होती.

ही चूक उलट दिशेने झाली, तर ती अधिक महागात पडते. लीन मिश्रणावर इंजिन तापते, थ्रॉटल सोडल्यावर रेस (इंजिनाची गती) लवकर खाली येत नाही, सायलेन्सरमधून फटाके वाजतात, आणि टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन सिलिंडरमध्ये पकडण्याचीही (अडकून बसण्याची) भीती असते.

म्हणून स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने टेकेपर्यंत आत पिळावा, किती आटे गेला ते मोजून लिहून ठेवावे, आणि मगच बाहेर काढावा. टेकल्यावर जोर देऊ नये. निमुळत्या टोकावर वळ उमटतो, आणि मिक्श्चर स्क्रूचे सुईसारखे टोक भोकातच मोडले, तर कार्बोरेटरची बॉडी वाया जाण्याची वेळ येते. एअर स्क्रूबरोबर बहुधा फक्त स्प्रिंग निघते. मिक्श्चर स्क्रूमागे मात्र स्प्रिंगनंतर मोहरीपेक्षा थोडा मोठा वॉशर आणि त्याही आत ओ-रिंग असते. ही दोन्ही अनेकदा भोकातच चिकटून राहतात, ती बारीक तारेच्या आकड्याने अलगद काढल्याशिवाय क्लीनर मारू नये, कारण त्याने रबर फुगते. बसवताना स्क्रूवर आधी स्प्रिंग, मग वॉशर, शेवटी ओ-रिंग हाच क्रम ठेवावा.

इंजिन चांगले गरम झाल्यावर, मोजलेल्या आट्यांपासून सुरुवात करून स्क्रू पाव-पाव आटा फिरवावा, रेस सर्वांत वर जाईल तिथे थांबावे आणि मग स्लोच्या वेगळ्या स्क्रूने रेस खाली आणावी. स्क्रू कसाही फिरवला तरी इंजिनाचा आवाज बदलतच नसेल, तर दोष त्याचा नाही. पायलट जेट चोंदलेले आहे किंवा मॅनिफोल्डचे (कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या नळीचे) रबर फाटून हवा ओढते आहे असे समजून कार्बोरेटर पुन्हा खाली घ्यावा.