परिघीय दृष्टी आणि कॉकपिटमधील चिन्हवाचन

परिघीय दृष्टी आणि कॉकपिटमधील चिन्हवाचन : वैमानिकाची नजर एका जागी असताना आजूबाजूच्या पडद्यांवरचे त्याला किती उमगते, हा विमानरचनेतला जुना प्रश्न आहे. काहीतरी बदलले आणि ते साधारण कुठे, एवढे डोळ्याच्या कडेला, म्हणजे परिघीय दृष्टीला, कळते. काय बदलले ते वाचायला डोळा तिकडे वळवावाच लागतो.

कारण दृष्टिपटलात आहे. बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशी मधल्या इवल्याशा खळग्यात दाटलेल्या असतात. हात लांब केल्यावर अंगठ्याचे नख साधारण २ अंश व्यापते. लख्ख दिसते ते जवळपास तेवढेच. ७० सेंमी.वरच्या पॅनेलवर हा जेमतेम अडीच सेंटिमीटरचा गोल होतो.

मग अक्षरे मोठी करावीत, असे वाटेल. पण कडेच्या नजरेला शेजारशेजारची चिन्हे एकमेकांत कालवल्यासारखी दिसतात. डच संशोधक हर्मन बौमा यांनी १९७० मध्ये याचा ठोकताळा दिला : चिन्ह नजरेच्या केंद्रापासून जितके दूर, त्याच्या सुमारे निम्मे अंतर शेजाऱ्यापासून मोकळे हवे. म्हणजे १० अंशांवरच्या आकड्याभोवती ५ अंश, पॅनेलवर ६ सेंमी. एवढी ऐसपैस जागा कुठल्या कॉकपिटात मिळायची?

टक्कर टाळणाऱ्या ‘टीकॅस’ यंत्रणेत दूरचे विमान पत्त्यांतल्या चौकटसारख्या पोकळ खुणेने दिसते. जवळ आले की खूण भरीव होते, इशाऱ्याच्या वेळी पिवळट गोल आणि धोका अगदी गळ्याशी आला की लाल चौरस. रंगासोबत आकारही बदलतो, कारण कडेला लाल-हिरव्यातला फरक लवकर पुसट होतो. तरीही लहान गोल आणि चौरस तिथे सारखेच भासू शकतात. म्हणून यंत्रणा ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असे बोलूनही दाखवते.

या बाबतीत जुने गोल डायल उजवे होते. काटा कुठे कलला आहे हे आकडा न वाचताही जाणवे. नव्या पडद्यांवरच्या सरकत्या पट्टीवरचा वेग मात्र वाचावाच लागतो.

ऑटोपायलटच्या किंवा ऑटोथ्रॉटलच्या (इंजिनांचा जोर आपोआप राखणाऱ्या यंत्रणेच्या) अवस्था तर नुसत्या शब्दांत लिहिलेल्या असतात. शब्द बदलला की बोइंगमध्ये त्याभोवती १० सेकंद चौकोन उमटतो. २५ फेब्रुवारी २००९ रोजी ॲम्स्टरडॅमजवळ टर्किश एअरलाइन्सचे ७३७-८०० कोसळून ९ जण दगावले. बिघडलेल्या रेडिओ उंचीमापकामुळे ऑटोथ्रॉटलने इंजिनांचा जोर काढून घेतला होता आणि ‘रिटार्ड’ (जोर कमी करणे) हा शब्द पडद्यावर होता. घटत्या वेगाकडे वेळेत कोणाचे लक्ष गेले नाही. दोष एकट्या नजरेचा नव्हता, पण कडेच्या नजरेला एक शब्द दुसऱ्यासारखाच दिसतो.

कॅनडाच्या रिचर्ड माल्कम यांनी उलटा विचार केला. खरे क्षितिज डोळ्यांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरते. उपकरणातले मात्र काही सेंटिमीटरचे. त्यांनी पॅनेलभर आडवी प्रकाशरेषा टाकली, विमानाच्या कलण्याबरोबर कलणारी. एसआर-७१ या टेहळणी विमानात अशी लेझर रेषा वापरली गेली.