सोसायटी आणि रहिवासी संघ: जुन्या वस्तीत कोणाचं काम कुठं संपतं

गिरगाव, गावदेवी, शिवाजी पार्क, ओव्हल मैदानाची पश्चिम बाजू. मुंबईच्या अशा जुन्या भागांत एक तक्रार हमखास ऐकू येते: "समोरच्या बिल्डिंगनं जुन्या खिडक्या काढून अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या बसवल्या, आपली सोसायटी गप्प का?" आपल्या सोसायटीला त्यात बोलायचा काही अधिकार नसतो. ज्याला निदान बोलता तरी येतं, त्या रहिवासी संघाच्या बैठकीत लोक गच्चीच्या गळतीचा विषय काढतात. बऱ्याचदा दोन्हीकडे तीच चार-सहा माणसं पदाधिकारी असतात, त्यामुळे घोळ आणखी वाढतो.

सहकारी गृहनिर्माण संस्था ही महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असते. २०१९पासून त्या कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरणच आहे. तिचं कार्यक्षेत्र म्हणजे तिची इमारत आणि कुंपणाच्या आतली जागा. मेन्टेनन्स, सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेला निधी), पाण्याची टाकी, लिफ्ट, वार्षिक सभा, हिशेबतपासणी हे तिचं काम. तिच्या हातात खरी ताकद असते. सभासदानं पैसे थकवले तर सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळवता येतो. मुंबईत ही परंपरा जुनी आहे. गावदेवीची सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी १९१५ सालची.

रहिवासी संघाची नोंदणी साधारणपणे संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली होते. त्याला किमान ७ सदस्य लागतात. महाराष्ट्रात अशी संस्था सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदली जाते, म्हणजे हिशेब आणि पदाधिकारी बदलल्याचा अहवाल धर्मादाय आयुक्तांकडे जातो. सदस्यत्व ऐच्छिक. वर्गणी बुडवणाऱ्यावर संघ फार काही करू शकत नाही आणि कोणाच्या घरातली एक वीटही अडवू शकत नाही. महापालिकेच्या योजनेतले एएलएम (अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) म्हणजे गल्ली-मोहल्ल्यातल्या रहिवाशांचे गट आणखी निराळे. त्यांचा जन्म मुख्यतः कचऱ्याच्या वर्गीकरणासाठी झाला.

मग इतक्या दुबळ्या संघाचा उपयोग काय? जुन्या वस्तीत तर तोच जास्त लागतो, असं माझं ठाम मत आहे.

गिरगावातली खोताची वाडी घ्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथले जमिनीचे तुकडे विकले आणि ईस्ट इंडियन (मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती समाजातल्या) कुटुंबांनी घरं बांधली. लाकडी व्हरांडे, बाहेरून वर जाणारे जिने, उतरती छपरं. एकेकाळी इथं ६५च्या आसपास घरं होती असं सांगतात. आता त्याच्या निम्मीही उरलेली नाहीत. घराघराचा मालक वेगळा. सगळ्या वाडीची मिळून एक सोसायटी होणार कशी? सामाईक आहे ती गल्ली, दोन घरांमधलं अंतर, छपरांची उंची. एका घराच्या जागी टॉवर उभा राहिला तर शेजारच्या दहा घरांचा उजेड आणि वारा जातो, पण त्या दहा घरांना कोणत्याही सोसायटीच्या सभेत मत नसतं. आसपासच्या चाळींत तर बहुतेक जण पागडीचे भाडेकरू. इमारत घरमालकाची, त्यामुळे सोसायटीच नाही. संघात मात्र मालक, भाडेकरू, दुकानदार असे सगळे येऊ शकतात.

ओव्हलचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. सुमारे २२ एकरांचं हे मैदान कोणत्याच सोसायटीचं नाही. १९९०च्या दशकात त्याची दुर्दशा झाली, तेव्हा ओव्हल कूपरेज रेसिडेंट्स असोसिएशन पुढे आली, न्यायालयापर्यंत गेली आणि मैदान पुन्हा उभं राहिलं. पुढे मैदानाच्या पूर्वेकडच्या व्हिक्टोरियन गॉथिक (एकोणिसाव्या शतकातली ब्रिटिश शैली) आणि पश्चिमेकडच्या आर्ट डेको (१९३०च्या दशकाच्या आसपासची शैली) इमारतींचा एकत्रित प्रस्ताव जागतिक वारशासाठी गेला, त्यातही ही संघटना आणि शहरातल्या इतर नागरिक-संस्था होत्या. ३० जून २०१८ रोजी युनेस्कोनं मान्यता दिली. एकूण ९४ इमारती. पश्चिमेकडच्या एकेका सोसायटीनं आपापली बाल्कनी आणि रंग सांभाळला असता, तरी ही ओळ 'ओळ' म्हणून कोणी मांडली नसती. अर्थात उलटही खरं आहे: बाल्कनी बंद करायची की नाही हा ठराव शेवटी सोसायटीच्याच सभेत होतो, आणि तिथं संघाला खुर्ची नसते.

दोघांचे हितसंबंध नेहमी जुळतात असंही नाही. २०१२ साली मुंबईच्या वारसा यादीत नव्या जागांची भर सुचवली गेली आणि तीत शिवाजी पार्क परिसर होता. तिथल्याच अनेक रहिवाशांनी विरोध केला, कारण पुनर्विकास अडेल ही भीती. त्यांना स्वार्थी म्हणणं अन्यायाचं आहे. जुनी इमारत, लिफ्ट नाही, गळकी गच्ची, घरात ऐंशीच्या पुढची माणसं: ही अडचण सोसायटीनंच सोडवायची असते आणि तिचं पहिलं कर्तव्य सभासदांशीच आहे. पण मैदानाभोवतीच्या ठेंगण्या इमारतींची सलगता एकदा तुटली की ती परत येत नाही, हे सांगायलाही कोणीतरी हवं. ते ओझं सोसायटीच्या सचिवावर टाकू नये. ते संघाचं.

आता व्यवहाराचं. गळती, पार्किंग, मेन्टेनन्स, बिल्डरची निवड हे सगळं सोसायटीकडे. पुनर्विकासाला एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते आणि मत फक्त सभासदाला. वारसा यादीतल्या इमारतीत बदल करायचा तर परवानगीचा अर्जही सोसायटी किंवा मालकच करतो. १९९५च्या वारसा नियमावलीपासून असे अर्ज महापालिका वारसा संवर्धन समितीचा सल्ला घेऊन तपासते. संघानं लक्ष ठेवायचं ते विकास आराखड्यातल्या बदलांवर. सूचना प्रसिद्ध झाली की ठरलेल्या मुदतीत लेखी हरकत द्यायची, सुनावणीला हजर राहायचं, वॉर्ड ऑफिसात पाठपुरावा करायचा, अगदीच वेळ आली तर जनहित याचिका. हरकतीवर सोसायटीच्या लेटरहेडऐवजी संघाचं लेटरहेड आणि नोंदणी क्रमांक असावा, म्हणजे ती एका इमारतीची कुरबुर म्हणून बाजूला पडत नाही. आणि दोन्हीकडे तोच माणूस सचिव असेल, तर निदान दोन वह्या, दोन बँक खाती आणि दोन वेगळ्या तारखांच्या बैठका ठेवा.