फोर्कलिफ्ट आणि अवजड यंत्रं : लपलेल्या बिघाडांची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये क्लार्क कंपनीने १९१७ साली आपल्याच ॲक्सल कारखान्यात माल इकडून तिकडे न्यायला ‘ट्रकट्रॅक्टर’ नावाची गाडी बनवली. फोर्कलिफ्टचा, म्हणजे पुढच्या लोखंडी काट्यांवर माल उचलणाऱ्या गाडीचा, इतिहास बहुतेक वेळा तिथूनच सांगितला जातो. पुढे यंत्रांत हायड्रॉलिक्स आलं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर खोदाईची यंत्रंही तारदोर सोडून तेलाच्या दाबावर चालू लागली. या सगळ्या काळात एक गोष्ट बदलली नव्हती : बिघाड कळायचा. होज (तेलाची नळी) फुटला तर तेल सांडायचं, क्लच जळला तर वास यायचा, आणि इंजिनाचा आवाज जरा बदलला की जाणता ऑपरेटर यंत्र तिथेच थांबवायचा.

बॉश कंपनीने १९८६ मध्ये ‘कॅन बस’ जाहीर केली, म्हणजे गाडीतले कंट्रोलर (छोटे संगणक) एकमेकांना जोडायची पद्धत. मोटारगाड्यांसाठी तयार झालेली ही पद्धत अवजड यंत्रांनीही उचलली. इंजिन, गिअरबॉक्स, हायड्रॉलिक पंप यांचे कंट्रोलर आता दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात. त्याने वायरिंग कमी झालं, नियंत्रण नेमकं झालं. पण सतत थरथर, चिखल आणि प्रेशर वॉशचा मारा खाणाऱ्या यंत्रात कनेक्टरच्या एका पिनवर गंज चढला, तर स्क्रीनवर भलत्याच भागाचा एरर कोड येऊ शकतो. मग सेन्सर बदलतात, पंप खोलतात, आणि दोष जिथल्या तिथे. त्यात कहर म्हणजे असा बिघाड अधूनमधूनच होतो. यंत्र वर्कशॉपला आणलं की सगळं ठीक!

डिझेल इंजिनांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. बांधकाम यंत्रांच्या धुरावर अमेरिकेने १९९६ पासून टप्प्याटप्प्याने बंधनं आणली; युरोपचा पाचवा टप्पा २०१९ मध्ये सुरू झाला. हे नियम हवेच होते, कारण ती काजळी साइटवरच्या माणसांच्याच फुप्फुसांत जात होती. मात्र ते पाळण्यासाठी आलेल्या कॉमन रेल इंजेक्शनमध्ये, म्हणजे एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना प्रचंड दाबाचं डिझेल पुरवण्याच्या पद्धतीत, दाब २,००० बारच्या (हवेच्या दाबाच्या सुमारे दोन हजार पट) घरात जातो आणि इंजेक्टरमधली फट काही मायक्रॉनची असते. ड्रममधून उघड्या फनेलने ओतलेल्या डिझेलमधलं थोडंफार पाणी आणि धूळ जुना पंप सोसायचा. नवा इंजेक्टर सोसत नाही. धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचंही तसंच. साठलेली काजळी जाळायला तो चांगला तापावा लागतो, आणि यंत्र दिवसभर आयडलवर (काम न करता नुसतं चालू) घुरघुरत राहिलं तर तो तापतच नाही. तुंबत गेला की कंट्रोलर इंजिनाची ताकद आपणहून कमी करतो. ऑपरेटरला वाटतं, इंजिन बसलं. खरं कारण असतं यंत्र वापरायची जुनी सवय, आणि ती बदला असं त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती बॅटरीच्या वजनाची. इलेक्ट्रिक काउंटरबॅलन्स फोर्कलिफ्टमध्ये जड लेड-ॲसिड बॅटरी नुसती वीज देत नाही, काट्यांवरच्या मालाला मागून तोलूनही धरते. म्हणून यंत्राच्या प्लेटवर बॅटरीचं किमान वजन लिहिलेलं असतं. तेवढ्याच क्षमतेची लिथियम बॅटरी बरीच हलकी असते. ती बसवताना वजनाची भरपाई केली नाही, तर प्लेटवरची भारक्षमता खोटी ठरते. रिकाम्या गाडीत फरक जाणवत नाही; जाणवतो तो पूर्ण भार वर उचलल्यावर. म्हणजे चूक वर्कशॉपमध्ये होते आणि तिची किंमत ऑपरेटर मोजतो.

यंत्राची माहिती मोबाइल नेटवर्कवरून दूर पाठवणाऱ्या दूरसंपर्काचा प्रश्न वेगळा आहे. कोमात्सू या जपानी यंत्रकंपनीने २००१ मध्ये जपानमध्ये आपली ‘कोमट्रॅक्स’ यंत्रणा यंत्रांत मूळचीच बसवून द्यायला सुरुवात केली आणि यंत्र कुठे आहे, किती तास चाललं हे मालकाला घरबसल्या कळू लागलं. पण यंत्र पंधरा-वीस वर्षं टिकतं, मोबाइल नेटवर्कची पिढी तेवढी टिकेलच असं नाही. अमेरिकेत एटीअँडटी या मोबाइल कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं, तेव्हा त्यावर चालणारी उपकरणं मुकी झाली. २०१९ मध्ये तर ट्रेंड मायक्रो या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की काही क्रेनच्या रेडिओ रिमोटचे संदेश हवेतून पकडून, तेच पुन्हा पाठवून क्रेन हलवता येते. असे रिमोट वर्षानुवर्षं वापरात राहतात, आणि जुन्या मॉडेलांपैकी अनेकांत सॉफ्टवेअर सुधारण्याची सोयच नसते.